पुढं कुणालाही विचारा!

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. कारण माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि दोन्हींच्या मधे पसरणीचा घाट! वाईहून पाचगणीला रोज एसटीने जायचं, घाट संपेपर्यंत खिडकीच्या जागेसाठी मराठीत भांडायचं आणि शाळेचं गेट आलं की ‘गुड मॉर्निंग, सिस्टर’. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि दुरुस्त्या संपादकांच्या. पण ज्या विषयावर लिहायचं आहे तो मला इंग्रजीत चार सेमिस्टर शिकूनही कळला नव्हता, तो मराठीत कळला. म्हणून हा खटाटोप.

विषय आहे प्रोग्रॅमिंग. थांबा, पान उलटू नका! मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनीही वाचावं असं लिहिण्याचा प्रयत्न करते.

आधी एक कबुली. पहिल्या वर्षी मला प्रोग्रॅमिंगमध्ये केटी लागली होती. कॉम्प्युटर ब्रँचच्या मुलीला! मी वीस प्रोग्रॅम पाठ करून गेले होते. मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम तर सेमीकोलनसकट पाठ. पेपरात आलं, ‘दिलेल्या संख्येचे सर्व विभाजक छापा आणि ते किती आहेत ते सांगा.’ मला मूळ संख्या येत होती, विभाजक येत नव्हते. मी मूळ संख्येचाच प्रोग्रॅम सुवाच्य अक्षरात लिहून आले. पुढच्या वेळी आणखी वीस प्रोग्रॅम पाठ केले आणि केटी सुटली. म्हणजे रोग तसाच राहिला, फक्त ताप उतरला.

दुसरं वर्ष संपलं आणि सुट्टीत घरी गेले. आमच्या आळीतल्या एक बाई गावातल्या मराठी शाळेत शिकवतात. त्या आईला म्हणाल्या, “शाळेत कॉम्प्युटर नुसते धूळ खात पडलेत. ही कॉम्प्युटर करतेय ना? मग शिकवू दे की पोरांना.” केटीचं घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. मी आजीकडे बघितलं, वाटलं ती मला वाचवेल. आजी शांतपणे म्हणाली, “शिकव की. शिकवलं की येतं.”

झालं! आठवी-नववीची चौदा मुलं, सात कॉम्प्युटर, त्यातले चालू पाच, आणि मी ‘ताई’. सुट्टी संपल्यावरही शनिवारी स्वारगेटवरून एसटी पकडायची, रविवारी सकाळी वर्ग घ्यायचा आणि संध्याकाळी परत, असं चालू राहिलं. या वर्गात काय शिकवलं आणि त्यात मी काय शिकले, ते क्रमाने सांगते.

धडा पहिला : सरळ म्हणजे कुठवर?

पहिल्या दिवशी लाईट नव्हती. म्हणजे कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर शिकवायचा. मी म्हटलं, “समजा मी वाईत पहिल्यांदाच आलेय. स्टँडवरून ढोल्या गणपतीला कसं जायचं, सांगा.”

चौदा तोंडांतून एकच उत्तर. “सरळ जायचं ताई, मग घाटाकडं वळायचं, आणि तिथं कुणालाही विचारा!”

आपल्याकडे पत्ता असाच सांगतात. सांगणारा अर्धा सांगतो, उरलेला गाव सांगतं. माणसांसाठी ही पद्धत झकास आहे. पण मी म्हटलं, “मी माणूस नाही, कॉम्प्युटर आहे. मला कुणालाही विचारता येत नाही. आता मला दारापासून फळ्यापर्यंत न्या.”

“सरळ चला.” मी चालू लागले ती भिंतीला धडकेपर्यंत. कुणी ‘थांबा’ म्हणालंच नव्हतं! मग “दहा पावलं चला” आलं. कुणाची पावलं, माझी की त्या पहिल्या बाकावरच्या बुटक्या मुलाची? “डावीकडं वळा.” किती? मी गोल फिरत राहिले. हसून हसून वर्ग लोळला, पण तासाभरात त्यांनी मला बिनचूक फळ्यापर्यंत नेलं. सूचना होत्या सात. एकही सूचना ‘समजून घे’ म्हणणारी नव्हती.

पुढे पुण्याला आल्यावर लायब्ररीत वाचलं, तर ही चूक जगभरची निघाली. रॉय पी नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८६ साली नवशिक्यांच्या चुकांवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की वेगवेगळ्या चुकांच्या मुळाशी एकच मोठी चूक असते. तिला त्यांनी ‘सुपरबग’ म्हटलं. यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलंय आणि ते आपल्या मनातलं ओळखून घेईल, ही ती समजूत. आमच्या भाषेत सांगायचं तर यंत्र पुढं कुणालाही विचारेल, असं आपण धरून चालतो.

आणि स्वतः चालून बघण्याची युक्तीही जुनीच. १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ नावाची भाषा तयार झाली. तिच्या निर्मात्यांपैकी एक सिमूर पेपर्ट. पडद्यावरच्या कासवाने कसं चालावं हे कळत नसेल तर स्वतः कासव होऊन चाला, असं ते मुलांना सांगत. मी नकळत कासव झाले होते, इतकंच.

धडा दुसरा : ‘चल’ म्हणजे काय?

दुसऱ्या रविवारी लाईट होती. मी फळ्यावर लिहिलं, ‘व्हेरिएबल’, आणि कॉलेजात ऐकलेलं घडाघडा बोलले, “व्हेरिएबल इज अ नेम्ड मेमरी लोकेशन...” सगळे शांत. मग मागून आवाज आला, “ताई, म्हणजे चल का?”

मला वाटलं तो घरी चला म्हणतोय! मी घड्याळ बघितलं. वर्ग हसला. बीजगणितात ‘एका चलातील समीकरण’ असतं, त्यातला तो चल. जो चळतो, बदलतो तो. माझ्या ‘नेम्ड मेमरी लोकेशन’पेक्षा हे दोन अक्षरी उत्तर किती सोपं होतं!

वाई म्हणजे मराठी विश्वकोशाचं गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला, तो इथूनच. त्यामुळे शुद्ध मराठी शब्दांचा आग्रह धरणारे आजोबा आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. एकांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, प्रोग्रॅम नको, ‘आज्ञावली’ म्हण. मी दोन्ही वापरून बघितलं. अनुभव असा की शब्द मराठी की इंग्रजी हा प्रश्न नसतोच, मुलांच्या डोक्यात तो आधीपासून आहे का, हा असतो. ‘चल’ होता, तो घेतला. ‘आज्ञावली’ नव्हता, तिथे ‘प्रोग्रॅम’च ठेवला. आजोबांची क्षमा मागून!

पण चलाचं चित्र डोळ्यांसमोर आणायला काय वापरायचं? पुस्तकं डबा वापरतात. मुलांनी लगेच विचारलं, “डब्यात आधी लाडू होते आणि मग चिवडा टाकला तर दोन्ही राहतात ना?” चलात तसं नसतं. नवी किंमत आली की जुनी जाते. म्हणून मी एसटीची पाटी घेतली. गाडीच्या पुढे ‘वाई-पुणे’ पाटी असते. ती काढून ‘वाई-सातारा’ लावली की ती साताऱ्याची गाडी. एका वेळी एकच पाटी. छान जमलं!

पुढच्या दहा मिनिटांत हीही उपमा मोडली. ‘अ’ची किंमत ‘ब’ला दे, असं लिहिल्यावर एकीने विचारलं, “पाटी काढून ब गाडीला लावली, मग अ गाडी बिनपाटीची झाली का?” नाही होत! यंत्र किंमत उचलून नेत नाही, बघून उतरवून घेतं. मग शेवटी खऱ्या लिहायच्या पाट्या आणल्या. एका पाटीवरचा आकडा वाचायचा, दुसरी पाटी पुसायची, तिच्यावर तो लिहायचा. आता सगळं नीट बसलं. दोन पाट्यांवरच्या आकड्यांची अदलाबदल करा म्हटल्यावर दोघांनी एकेक पाटी पुसली आणि एक आकडा कायमचा गेला. तेव्हा तिसरी पाटी लागते, हे मी सांगायच्या आधीच कुणीतरी दप्तरातून काढून पुढे केली.

यातून मी शिकले ते हे की प्रत्येक उपमा कुठे ना कुठे मोडते. ती कुठे मोडते ते मुलांना दाखवून द्यायचं. लपवलं तर मोडका तुकडा त्यांच्या डोक्यात राहून जातो.

धडा तिसरा : खंबाटकी

‘वय = वय + १’ ही ओळ लिहिली आणि गणितातल्या हुशार मुलाने जाहीर केलं, “हे चूक आहे. कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी नसते.” त्याचं बरोबरच होतं. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली छापलं ते दोन्ही बाजू सारख्या आहेत हे सांगायला. प्रोग्रॅमिंगवाल्यांनी ते भलत्याच कामाला जुंपलं.

मी विचारलं, “पुण्याहून वाईला येताना गाडी कुठून येते?” “खंबाटकीचा घाट चढून.” “आणि जाताना?” “बोगद्यातून.” मी लहानपणापासून हेच पाहत आलेय. येणारा रस्ता वेगळा आणि जाणारा वेगळा. घाटातून उलटं कुणी जात नाही. प्रोग्रॅममधलं बरोबरचं चिन्ह तसंच, एकेरी वाहतूक. माल उजवीकडून निघतो आणि डावीकडे उतरतो. आधी उजवी बाजू पूर्ण करायची. आजीचं वय ७७, त्यात एक मिळवून ७८. मग डावीकडची ‘वय’ नावाची पाटी पुसून तिच्यावर ७८ लिहायचं. म्हणजे तो आजीचा वाढदिवस झाला, समीकरण नाही.

पास्कल भाषेत हा घोटाळा टाळायला या चिन्हाआधी विसर्गासारखी दोन टिंबं देतात. आम्ही वापरत होतो पायथन, तिच्यात साधं बरोबर म्हणजे ‘सांगणं’ आणि दोन बरोबर जोडून लिहिले तर ‘विचारणं’. वय अठ्ठ्याहत्तर कर, हे सांगणं झालं. वय अठ्ठ्याहत्तर आहे का, हे विचारणं. कॉलेजातल्या निम्म्या चुका याच एका चिन्हाच्या असतात, हे एफईवाले शपथेवर सांगतील.

धडा चौथा : आजीचे दाणे

लूप शिकवायला आजी कामाला आली. ती रोज देवळात अकरा प्रदक्षिणा घालते आणि मोजायला डाव्या मुठीत अकरा गव्हाचे दाणे घेते. एक फेरी झाली की एक दाणा पायरीवर ठेवते. मूठ रिकामी झाली की थांबते. गप्पा मारत चालली तरी हिशेब चुकत नाही.

वर्गात टेबलाभोवती प्रदक्षिणा सुरू केल्या. एक मुलगा दाणा ठेवायलाच विसरला. नियमाप्रमाणे मूठ रिकामी झाल्याशिवाय थांबायचं नाही, म्हणून तो फिरतच राहिला, गरगरून खाली बसेपर्यंत. हाच तो इन्फिनिट लूप! कॉलेजच्या लॅबमध्ये पडदा गोठला की आपण जो मशीनवर राग काढतो, तिथे बहुतेक वेळा आपणच दाणा ठेवायला विसरलेलो असतो. दुसरा मुलगा मुठीत एक दाणा उरल्यावर थांबला, त्याच्या दहाच प्रदक्षिणा झाल्या. ‘शून्य उरले की थांब’ आणि ‘एक उरला की थांब’ यात देवाच्या दृष्टीने नसेल, पण प्रोग्रॅमच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

पायथनमध्ये तर आणखी एक गंमत आहे. एकपासून अकरापर्यंत मोज, असं त्याच्या पद्धतीने सांगितलं तर तो दहापर्यंतच मोजतो. आपण ‘सुरूरपर्यंत तिकीट द्या’ म्हणतो तेव्हा त्यात सुरूर धरलेलं असतं. आपलं ‘पर्यंत’ शेवटचं धरून, पायथनचं ‘पर्यंत’ शेवटचं सोडून. एवढं एक वाक्य पहिल्या वर्षी कुणी मला सांगितलं असतं तर!

धडा पाचवा : आजीचं तिकीट

आता खरी गोष्ट. धोमच्या बाजूने एक मुलगी वर्गाला यायची. नववीतली. एसटीने यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि हात मांडीवर ठेवायची. तीन रविवार तिने कीबोर्डला बोटसुद्धा लावलं नाही. विचारलं तर म्हणाली, “मोडलं तर?” खरं कारण मला ठाऊक होतं. इंग्रजी. पडद्यावर लाल अक्षरं आली की तिला वाटायचं आपण नापास झालो.

चौथ्या रविवारी आम्ही एसटीच्या तिकिटाचा प्रोग्रॅम करायला घेतला. सवलती मुलांना तोंडपाठ होत्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. वर्गाने फळ्यावर असं लिहिलं :

बाई किंवा मुलगी असेल तर अर्धं.
नाहीतर, वय ७५ किंवा जास्त असेल तर शून्य.
नाहीतर, वय ६५ किंवा जास्त असेल तर अर्धं.
नाहीतर, वय ५ पेक्षा कमी असेल तर शून्य.
नाहीतर, वय १२ किंवा कमी असेल तर अर्धं.
नाहीतर पूर्ण.

सगळं बरोबर दिसत होतं. मलाही. टायपिंग झालं, चाळीस वर्षांचे काका, पूर्ण. आठ वर्षांचा मुलगा, अर्धं. टाळ्या! तेवढ्यात पहिल्या बाकावरून बारीक आवाज आला, “ताई, माझ्या आजीचं तिकीट अर्धं येतंय.”

“मग?”

“ती एक्क्याऐंशीची आहे. तिला तिकीट पडतच नाही.”

मी फळ्याकडे बघत राहिले. आजी बाई आहे, म्हणून पहिल्याच ओळीला अडकली. ‘नाहीतर’ म्हणजे आधीचं लागू झालं नसेल तरच पुढं जायचं. आजी पुढच्या ओळीपर्यंत पोहोचलीच नाही! एकेक नियम खरा होता, क्रम चुकला होता. तिनेच पुढे सांगितलं की तीन वर्षांच्या मुलीलाही हा प्रोग्रॅम अर्धं तिकीट फाडतोय. मग ती उठली, डस्टर घेतलं आणि मोफतच्या दोन ओळी वर नेल्या. फळ्यावरून थेट कॉम्प्युटरशी गेली आणि पहिल्यांदा टाईप करायला बसली. मोडेल का, हे विचारायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून आम्ही प्रोग्रॅम तपासायला ‘कडेची माणसं’ शोधायला लागलो. मधल्या वयाचे काका कुठल्याही प्रोग्रॅममधून सुखरूप बाहेर पडतात. चूक सापडते ती बरोबर ७५ वर्षांच्या आजोबांपाशी, बरोबर पाच वर्षांच्या मुलापाशी, आणि दोन नियमांत एकाच वेळी बसणाऱ्या आजीपाशी. आपण लॅबमध्ये जर्नल पूर्ण करायला एक आउटपुट चिकटवतो ना, तो बहुधा मधल्या काकांचा असतो. नंतर मुली म्हणाल्या, “ताई, आमचा अहिल्याबाई होळकर योजनेचा पास?” म्हणजे आणखी एक नियम, आणि तो कुठे घालायचा यावर अर्धा तास वाद.

इंग्रजीची भीती आणि मराठी आकडे

आता त्या लाल अक्षरांबद्दल. पायथनचे राखीव शब्द आहेत फक्त ३५. इफ, एल्स, व्हाइल असे. तीन महिन्यांत आम्हाला त्यातले दहाही लागले नाहीत. चलांची नावं देवनागरीत चालतात, आमच्या प्रोग्रॅममध्ये ‘वय’, ‘भाडे’, ‘टप्पे’ अशीच होती. एरर आली की घाबरायचं नाही. शेवटची ओळ आधी वाचायची, मग ओळीचा नंबर बघायचा. गाडी कुठल्या मैलाच्या दगडापाशी बंद पडली तेवढं तो नंबर सांगतो. बिघाड कधीकधी एक दगड मागे झालेला असतो, जसा न मिटलेला कंस.

एकदा एका मुलाचा मराठी कीबोर्ड चालूच राहिला आणि प्रोग्रॅमने वय विचारल्यावर त्याने मराठीत १४ टाईप केले. मी म्हणणार होते, “एरर येईल,” तोवर उत्तर आलं, तेही बरोबर! पायथन ३ ही आवृत्ती २००८ सालची. ती मजकूर युनिकोडमध्ये वाचते. टाईप केलेल्या अक्षरांची संख्या करून देणारं तिचं फंक्शन देवनागरी आकडेही ओळखतं. गंमत अशी की तेच आकडे प्रोग्रॅमच्या ओळीत लिहिले तर ते चालत नाहीत. पण मुलांना केवढा आनंद! “ताई, याला मराठी येतं!” थोडं येतं.

बाकी शून्य

तिकिटाचं भाडं काढताना माझी स्वतःची गाठ सुटली. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा. अर्धवट टप्पाही पूर्ण धरायचा, असं आम्ही ठरवलं. १३ किलोमीटर असतील तर? “सहाने भागायचं ताई. भागाकार दोन, बाकी एक. बाकी उरली की एक टप्पा वाढवायचा.”

मी सवयीने बोलले, “त्यासाठी मॉड्युलो ऑपरेटर...” आणि थांबले. मॉड्युलो म्हणजे बाकी! तिसरी-चौथीतली बाकी. मी ते टक्क्याचं चिन्ह शेकडो वेळा लिहिलं होतं, पण ‘ते तसंच लिहायचं असतं’ म्हणून. बाकी शून्य म्हणजे भाग गेला. भाग गेला म्हणजे विभाजक सापडला. एकपासून त्या संख्येपर्यंत सगळ्यांनी भागून बघायचं, बाकी शून्य आली की छापायचं आणि पाटीवर एक वाढवायचा. शेवटी पाटीवर बरोबर दोन असतील तर ती मूळ संख्या. माझा केटीचा प्रश्न आणि माझं पाठ केलेलं उत्तर, दोघं सख्खे शेजारी होते. मधली भिंत इंग्रजीची नव्हती, माझ्या घोकंपट्टीची होती. इंग्रजी छान बोलता येत असल्यामुळे मला कळलेलं नाही हे कुणाला कळतच नव्हतं, मलासुद्धा! ‘म्हणजे काय ताई?’ असं विचारणारं समोर कुणी असतं तेव्हा ही लबाडी चालत नाही.

त्या दिवशी मी मुलांना केटीचं सांगून टाकलं. मला वाटलं, मान जाईल. एकाने विचारलं, “मग आता येतंय ना?” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “मग झालं की.”

आणि चॅटजीपीटी?

हा प्रश्न वर्गातही आला. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून सगळीकडेच येतो. एकाने घरून दादाच्या मोबाइलवर तिकिटाचा प्रोग्रॅम करून आणला. आम्ही फळ्यावर आधी लिहिले होते त्याच क्रमाने नियम त्याने सांगितले होते, आणि प्रोग्रॅमही त्याच क्रमाने आला. आजीला पुन्हा अर्धं तिकीट! यंत्राला दोष देत नाही, नीट विचारलं असतं तर त्याने दुरुस्तही केलं असतं. पण आजीचं तिकीट चुकलंय हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं ना? ते त्या धोमच्या मुलीच्या आलं, कारण ती आजीबरोबर एसटीने जाते. प्रोग्रॅम लिहून देणारे पुष्कळ मिळतील. कडेला उभं असलेलं माणूस दिसणारे कमी.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेच जण लहान गावांतून आलोत. दिवाळीत घरी गेलात की आळीतल्या चार मुलांना जमवून बघा. कॉम्प्युटर नसला तरी चालेल, चार पाट्या आणि मूठभर गहू पुरेत. कॉम्प्युटर असले तर तिघांत एक द्या. एकाने बोलायचं, एकाने टाईप करायचं, एकाने कागदावर पाट्या पुसायच्या, आणि पाळी बदलायची. रन करायच्या आधी काय येईल ते प्रत्येकाने सांगायचं. अंदाज चुकला की शिकणं सुरू होतं. त्यांचं होईलच, तुमचं जास्त होईल. आजीचं वाक्य मी अनुभवाने सांगते, शिकवलं की येतं.

आणि कुणाला आमचा वर्ग बघायला यायचं असेल तर जरूर या. रविवारी सकाळी, स्वारगेटवरून वाईची एसटी. खंबाटकी ओलांडली की सुरूर फाटा, तिथून गाडी उजवीकडे वळते. वाई स्टँडला उतरा, बाहेर पडा, आणि पुढं कुणालाही विचारा!